‘या फवारणीची गरज नाही’ असं सांगणारा दुकानदार टिकतो का?

द्राक्षमांडव

नमस्कार मंडळी. माझं दिंडोरी तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर आधी एका कंपनीसाठी फिल्डवर फिरले, मग स्वतःचं दुकान टाकलं. इथे नाशिककर पुष्कळ आणि प्रत्येकाचा धंदा वेगळा, म्हणून विषय काढतेय. आपल्या शब्दावर दुसऱ्याचा पैसा खर्च होणार असतो, तेव्हा त्याला पटवायचं कसं आणि पटवता पटवता थांबायचं कुठे?

आमच्या धंद्यातली अडचण आधी सांगते. डॉक्टर तपासतो आणि औषध मेडिकलवाला देतो. आमच्याकडे रोग ओळखणारी मी, औषध सांगणारी मी आणि बिल फाडणारीही मीच. ऑक्टोबर छाटणी होते, बाग पोंग्यात (कोंब फुटायच्या अवस्थेत) येते आणि नेमका तेव्हा पाऊस लागला की माणसाच्या पोटात गोळा येतो. डाऊनीने, म्हणजे केवडा रोगाने, बघता बघता घडच्या घड गेलेले त्याने पाहिलेले असतात. अशा वेळी ‘यासोबत हे टॉनिक मारा, काळोखी येईल’ (पानं गर्द हिरवी होतील) म्हटलं की तो नाही म्हणत नाही. खोटं बोलावंही लागत नाही. त्याची भीती आहे तशी राहू दिली की माल आपोआप खपतो.

मी माझ्यापुरता एक नियम केलाय. समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल तेवढंच बोलायचं, आणि पडताळायचं कसं तेही आपणच सांगायचं. शंकेचं पान घेऊन कुणी आलं की मी आधी भिंग त्याच्या हातात देते. वरून तेलकट डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी असेल तर डाऊनी. राखेसारखी भुकटी वरच्या बाजूलाही असेल तर भुरी. तरी खात्री होत नसेल तर पान ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायला सांगते. सकाळी डागाखाली पांढरी लव आली तर रोग जिवंत आहे. डाग नुसता तपकिरी, कोरडा राहिला तर आधीच्या फवारणीने काम केलंय. पाऊस चालू असताना मात्र मी कुणाला थांबवत नाही, तेव्हा प्रतिबंधक फवारणी लागतेच. आभाळ मोकळं असताना आणि डाग मेलेला असताना परत तेच महाग औषध मारू नका, एवढंच माझं म्हणणं असतं.

टॉनिकचं तर सरळ सांगते, ‘घ्यायचंच असेल तर मधल्या दोन ओळी सोडून मारा, त्या ओळींना काठी बांधा आणि पंधरवड्याने मला दाखवायला बोलवा.’ ज्या मालात दम असतो तो या दोन ओळींत दिसतो. ज्यात नसतो तो पुढच्या वर्षी मी ठेवत नाही.

आता खरी गोची. पलीकडचं दुकान हंगामभर उधारीवर माल देतं, पैसे माल निघाल्यावर. ज्याचं खातं चालू आहे तो माणूस दुकानदाराला ‘हे कशाला?’ असं विचारू शकत नाही. मग लिहून देईल ते उचलतो. माझ्याकडे सल्ला घ्यायचा आणि माल तिकडून न्यायचा, असंही होतं. तुमच्या तुमच्या धंद्यात या गोष्टी कशा चालतात ते वाचायला आवडेल.


निफाडकर

ताई, मी बागाईतदार. तुमच्या काउंटरच्या अलीकडे उभा राहणारा. दोन ओळींची गोष्ट मनापासून पटली. आम्ही शेतकरी आकड्यांपेक्षा शेजाऱ्याच्या बागेवर विश्वास ठेवतो, आणि इथे तर आपल्याच बागेत शेजारी तयार होतो.

मला एक जुनी गोष्ट लिहायची आहे, कारण नव्या पोरांना ती माहीत नसते. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेच्या वर निघाले. आपण त्याला सीसीसी म्हणायचो. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची छाटणी) शेंड्याची वाढ रोखायची, म्हणजे काडीत घडनिर्मिती चांगली होते, यासाठी ते वर्षानुवर्षं सर्रास वापरलं जायचं. कंटेनर तिकडे अडकले, निर्यातदार बुडाले आणि त्यांच्याकडे ज्यांचे पैसे होते ते बागाईतदारही बुडाले.

त्यातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अशी, की माल जाण्यापूर्वी इथल्या प्रयोगशाळेत तपासला गेला होता आणि तो अहवाल खोटा नव्हता. तपासायच्या रसायनांची जी यादी होती तिच्यात हे रसायनच नव्हतं. म्हणजे कागद खरा, सही खरी, शिक्का खरा, आणि तरी त्यावर विसंबलेला माणूस खड्ड्यात. त्यानंतर ते यादीत आलं आणि तपासणी कडक झाली. पण तेव्हापासून कुणीही कागद पुढे केला की मी विचारतो, यात काय काय तपासलंय, आणि काय तपासलेलं नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो न चिडता देतो, त्याच्याशी मी व्यवहार करतो.

तुमचं ‘पडताळता येईल तेवढंच बोलायचं’ हे बरोबर, पण त्यात माझी एक भर घाला. जे पडताळलेलं नाही तेही बोलून दाखवायचं. आमच्यासारख्याला ते विचारायचं सुचतच नाही.


गोदाकाठ

उधारीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं पंचवटीत. ते म्हणायचे, ज्याच्याकडे आपली बाकी आहे त्याला नवा माल आपणहून सुचवायचा नाही, मागेल तेवढाच द्यायचा. तो भिडेपोटी घेईल आणि पुढच्या गल्लीत जाऊन आपल्याला शिव्या देईल.


लाल_कांदा

लासलगावच्या बाजूचा आहे, म्हणून कांद्याचं लिहितो.

आमच्याकडचा लिलाव उघड्यावर होतो. ट्रॅक्टर रांगेत लागतात, व्यापारी ट्रॉलीभोवती जमतात, हाताने वरचा कांदा उकरून बघतात आणि बोली मोठ्याने लागते. कुणी काय भाव बोललं ते शंभर लोक ऐकतात. मग चिठ्ठी, भुईकाटा, आणि माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर. इथपर्यंत सगळं सगळ्यांच्या देखत.

खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना वांधा निघतो. ‘खाली माल बारीक आहे, पत्ती निघालेली आहे, भाव कमी करा.’ तिथे शेतकरी एकटा असतो, ट्रॉली अर्धी रिकामी झालेली, परत भरून नेणं परवडत नाही, संध्याकाळ झालेली. तो मान डोलावतो. काही वेळा व्यापारी खरंच नाडतो. आणि खरं सांगायचं तर काही वेळा आपलाच भाऊबंद वर निवडक मोठा माल लावून खाली चिंगळी (अगदी बारीक कांदा) आणि सडका भरतो. बाजार समितीत वांध्याची तक्रार ऐकायला व्यवस्था असते, पण तिथे जायला वेळ कुणाला आहे?

आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पद्धत सांगतो. मी लहानपणापासून बघत आलोय. त्यांच्या ट्रॉलीत खराब माल असेल तर ते तो एका कोपऱ्यात वेगळा, दिसेल असा ठेवतात, आणि बोली सुरू व्हायच्या आधी व्यापाऱ्याला हाक मारून सांगतात, ‘साहेब, मागच्या कोपऱ्यात इतका माल भिजलेला आहे, बघून बोला.’ पहिल्यांदा भाव थोडा कमी लागत असेल. पण त्यांच्या ट्रॉलीचा वांधा निघालेला मी ऐकला नाही, आणि आता त्यांचा ट्रॅक्टर दिसला की दोन-तीन व्यापारी वरचा कांदा उकरायच्या भानगडीत न पडता बोलतात. बाकीच्यांच्या ट्रॉलीवर व्यापारी जी जोखीम धरून भाव पाडतो, ती त्यांच्यासाठी धरत नाही. सरळ हिशोब आहे.

त्यांना पटवायला कधी बोलावं लागलं नाही. वाईट आधी दाखवलं की चांगल्यावर विश्वास बसतो.


सेल्स_ऑफिसर_सिन्नर

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

ताई, तुम्ही मालक आहात. आज विक्री कमी झाली तर उद्या भरून काढाल. मला दर महिन्याला विक्रीचा ठरलेला आकडा आहे, मार्चअखेरीला तर रात्री अकरा वाजता फोन येतात. डीलरला स्कीम द्यायची, सहलीचं आमिष दाखवायचं, माल त्याच्या गोडाऊनला टाकायचा. तो माल शेतकऱ्याच्या गळ्यात कसा उतरतो हे आम्हाला कुणी विचारत नाही. मी घरात एकटा कमावता आहे.

दुसरं, शेतकऱ्याला खरं बोललेलं चालतं असं सगळे म्हणतात. माझा अनुभव वेगळा. ‘दादा, याची गरज नाही’ म्हटलं की त्याला वाटतं माझ्याकडे माल शिल्लक नाही, नाहीतर मला काही कळत नाही. तो दुसऱ्याकडे जातो, दुसरा चार बाटल्या देतो, बाग नीट निघते (ती तशीही निघणारच होती) आणि पुढच्या वर्षी तो त्या दुसऱ्यालाच ‘डॉक्टर’ म्हणतो. याचं काय करायचं ते सांगा.


द्राक्षमांडव

सिन्नरवाले दादा, राग कशाचा? तुमचा दुसरा प्रश्न तर मला रोज सतावतो.

नुसतं ‘गरज नाही’ म्हणून माणसाला पाठवलं की तो भीती होती तशीच घेऊन बाहेर पडतो. म्हणून मी ‘गरज नाही’च्या पुढे तीन गोष्टी जोडते: का नाही, काय दिसलं तर गरज पडेल, आणि ते बघायला मी कधी येणार. ‘दादा, डाग मेलेला आहे. परवापर्यंत पावसाचा अंदाज नाही. शेंड्याच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर नवा तेलकट डाग दिसला तर त्याच दिवशी फोन करा. नाही दिसला तरी शुक्रवारी मी बांधावर येते.’ आणि शुक्रवारी जायचंच. न बोलावता, काही विकायला न घेता. त्या एका फेरीने जेवढं पटतं तेवढं दुकानात तासभर बोलून पटत नाही. त्याच्या बाजूने विचार करा. औषध न मारायची जोखीम तो एकटा घेतोय. त्या जोखमीत मी उभी आहे हे त्याला दिसलं तर तो ऐकतो.

भीतीबद्दलही बोलते. भीती घालून विकायचं नाही, पण खरी भीती लपवायचीही नाही. काढणी तोंडावर आली असताना मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) जहाल औषध मागणारे येतात. तिथे मी गोड बोलत नाही. लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत तो) त्याला मोठ्याने वाचायला लावते, मग कॅलेंडर समोर धरते. ज्या औषधाच्या अंशासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो हीच मर्यादा, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. काढणीआधी प्लॉटचा नमुना जाणार, नापास झाला तर तो प्लॉट निर्यातीतून बाहेर. मग विचारते, ‘मिलीबगने किती घड जातील आणि नापास झाल्यावर किलोमागे किती रुपये जातील, दोन्ही तुम्हीच कागदावर लिहा.’ बहुतेक जण लिहितानाच थांबतात. काही जण तरीही दुसरीकडून आणतात. मी देत नाही. लोकल मार्केटला जाणारा माल असला तरी देत नाही, खाणारी पोरं आपलीच आहेत.

तुमच्या साहेबांबद्दल एक सुचवू? मार्चमध्ये टाकलेला माल जूनमध्ये किती परत आला, त्याचं डीलरवार पान तयार करा. परताव्याचा वाहतूक खर्च, मुदत संपलेल्या बाटल्या, क्रेडिट नोट, सगळं. साहेबांना ‘हे नैतिक नाही’ म्हणून काही होत नाही. ‘हा आकडा खोटा आहे, कारण यातला इतका माल परत आला’ हे त्यांना कळतं.


सातपूर_दुसरी_पाळी

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीत आहे. शेतीतलं कळत नाही, पण निफाडकरांचा खऱ्या कागदाचा किस्सा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक लॉटसोबत व्हेंडरचा इन्स्पेक्शन रिपोर्ट येतो. पाच पीसची रीडिंग, खाली सही. इतकी वर्षं हे कागद बघितल्यावर एक गोष्ट लक्षात येते. खरं रीडिंग जरा वेडंवाकडं असतं. एखादा पीस टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) काठावर, एखादा मधे, एखादा दुसऱ्या काठाकडे. केबिनमध्ये बसून भरलेली रीडिंग सगळी मधोमध आणि गुळगुळीत असतात. मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला गेलेला असतो त्या तारखेचंही रीडिंग सापडतं. अशा व्हेंडरचा पुढचा लॉट आम्ही शंभर टक्के तपासतो, त्याचा खर्च कुणाच्या तरी माथी बसतोच.

आता उलटं उदाहरण. आमचा एक छोटा व्हेंडर आहे, अंबडला शेड आहे त्याची. शाफ्ट देतो. ड्रॉइंगवर कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापाने). एका रात्री पाळी चालू असताना त्याचा फोन आला. म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडे मधे लाइट गेली होती, भट्टीचं तापमान पडलं. ऑपरेटरने मला आत्ता सांगितलं. तुमच्याकडे दुपारी पोचलेल्या मालातले शेवटचे दोन ट्रे त्याच चार्जचे आहेत, हीट नंबर लिहून घ्या. ते लाइनवर देऊ नका. उद्या सकाळी सातला मी माणूस आणि टेस्टर घेऊन येतो, एकेक पीस तपासतो.’

बघा, त्याने काय काय सांगितलं: कुठला माल, किती, कुठे ठेवलाय, काय झालं आणि तो काय करणार. ‘काहीतरी प्रॉब्लेम असू शकतो’ असं मोघम नाही, ‘सॉरी सॉरी’ नाही. सकाळी सातला तो आला, आणि त्या ट्रेमधले काही पीस खरंच ५५-५६ निघाले. रिजेक्शन त्याच्या नावावर पडलं, रेटिंग त्या महिन्यात घसरलं. पण नवीन पार्ट डेव्हलपमेंटला आला की परचेसवाले आधी त्याचं नाव घेतात. मी स्वतः ऐकलंय मीटिंगमध्ये, ‘त्याला द्या, काही झालं तर तो स्वतः सांगेल.’

मला त्या ऑपरेटरचंही कौतुक वाटतं. मालकाला सांगितलं तर ओरडा बसेल अशी भीती त्याला नव्हती, म्हणून बातमी रात्रीच वर पोचली. जिथे चूक सांगणाऱ्याचा पगार कापतात तिथे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं.


कसोटी_सराफ_बाजार

सोन्याच्या धंद्यावर लोकांचा सगळ्यात जास्त संशय असतो, म्हणून मुद्दाम लिहितो. आमची पेढी जुनी आहे, सराफ बाजारात.

पूर्वी गिऱ्हाईक माणसावर विश्वास ठेवायचं, कारण दुसरा इलाजच नव्हता. टंच (शुद्धता) आम्हीच काढायचो, वजन आम्हीच करायचो. दागिना मोडायला दुसऱ्या दुकानात गेला की घट कळायची, तोवर वीस वर्षं गेलेली. आता १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असल्याशिवाय नवा दागिना विकताच येत नाही (अगदी दोन ग्रॅमच्या आतले आणि काही खास प्रकार सोडून). आमच्यातले काही जण अजून कुरकुरतात. मला ही सोय वाटते. मी गिऱ्हाइकाला म्हणतो, माझ्या नाही, तुमच्या फोनवर बीआयएस केअर ॲप उघडा, नंबर टाका. कुठल्या सराफाचा, कुठल्या सेंटरला तपासला, शुद्धता किती, दागिना कुठला, सगळं त्यांच्या हातात येतं. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क आहे, हेही सांगतो. लोक चकित होतात, की दुकानदार स्वतःविरुद्ध हक्क सांगतोय.

पण निफाडकर म्हणाले तसं, काय तपासलेलं नाही तेही सांगावं लागतं. हॉलमार्क शुद्धता सांगतो. घडणावळ रास्त आहे का, ते सांगत नाही. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचं आणि खड्यांचं वजन सोन्याच्या भावात धरलंय का, ते सांगत नाही. म्हणून पावतीवर ढोबळ वजन, निव्वळ वजन, त्या दिवशीचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. जो दुकानदार ‘सगळं मिळून इतके द्या ना, तुम्ही घरचेच’ म्हणतो, त्याला घरच्यासारखंच हक्काने सांगा, ‘मग लिहून द्यायला काय हरकत आहे?’

गोदेला मोठा पूर आला की पाणी आमच्या बाजारात शिरतं. तेव्हा शेजारच्याचा माल वरच्या मजल्यावर न्यायला आम्ही सगळे धावतो. त्या घाईत कुणी कुणाची पेटी मोजत बसत नाही. असा विश्वास एका गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर येतो. काल आलेल्या गिऱ्हाइकाकडून त्याची अपेक्षा करणं चूक आहे. त्याला पावतीच द्यायची.


येवल्याची_लेक

कसोटी काका, तुमच्या पावतीवरून आमचं येवलं आठवलं. पैठणीत अशीच एक साधी खूण असते. हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मशीनवरच्या सेमी पैठणीत मोराच्या मागे लोंबते धागे किंवा कापलेली टोकं दिसतात.

माझा मामा विणकर. कुणी साडी घ्यायला घरी आलं की तो आधी पदर उलटा करून मांडतो, मग सुलटा. आणि ज्यांचं बजेट कमी आहे त्यांना तो स्वतः सांगतो, ‘ताई, सेमी घ्या, छान दिसते, लग्नात चार वेळा नेसाल. फक्त तिला हातमागाची म्हणू नका आणि हातमागाचे पैसे देऊ नका.’ सेमी पैठणी विकणं यात काही गैर नाही हो. मागची बाजू न दाखवता विकणं गैर.


चांदवडचा

सगळे चांगल्याचं लिहिताहेत, मी दुसरं लिहितो. फसवणारा माणूससुद्धा विश्वास कमावूनच फसवतो, आणि तो तुमच्या-माझ्यापेक्षा मन लावून कमावतो.

द्राक्षाच्या हंगामात बांधावर येणारा बाहेरचा व्यापारी आठवा. पहिल्या गाडीचे पैसे जागेवर, नोटा मोजून. दुसऱ्या गाडीचे संध्याकाळी. पोराच्या हातात खाऊला शंभर रुपये. तिसऱ्या गाडीला ‘बँकेचा सर्व्हर डाऊन आहे, उद्या देतो.’ भाव मात्र बाजारापेक्षा दोन रुपये जास्त. शेवटच्या तीन-चार गाड्या एकदम भरतात आणि फोन बंद. नाशिक जिल्ह्यात हे इतकं झालं, की २०२० मध्ये पोलिसांना परिक्षेत्रभर यासाठी वेगळी मोहीम घ्यावी लागली आणि त्यात बऱ्याच शेतकऱ्यांचे पैसे परत मिळाले. पण सगळ्यांचे नाही.

माझ्या चुलत भावाचे अडकले ते अडकलेच. म्हणून सांगतो, पहिल्या गाडीचं रोख पेमेंट ही खात्री नाही. तो त्याचा खर्च आहे, तुमचा विश्वास विकत घ्यायचा. बाजार समितीचा परवाना बघा, आधारची प्रत घ्या, प्रत्येक गाडीच्या वजनपावतीवर त्याची सही घ्या, आणि मागच्या गाडीचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय पुढची गाडी भरू नका. समितीच्या आवारात विकलेल्या मालाचे पैसे २४ तासांत मिळायला हवेत असा दंडक आहे. बांधावर मात्र आपलं आपणच बघायचं.


निफाडकर

चांदवडचे भाऊ, चेक दिला असेल आणि तो वटला नाही तर काय करायचं तेही लिहा. लोक नुसते फेऱ्या मारत बसतात.


चांदवडचा

चेक न वटल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार, कलम १३८ खाली. ‘देतो देतो’ म्हणून तो नेमके हे तीस दिवसच काढत असतो. गोड बोलणं चालू असतानाच वकिलाकडे जा.


सेल्स_ऑफिसर_सिन्नर

द्राक्षमांडव ताई, परताव्याचं पान तयार करायला घेतलंय. दोन डीलरचे आकडे बघूनच मला घाम फुटला. साहेबांपुढे ठेवतो, काय होतं ते लिहीन.

एक अवघड प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. युरियाच्या गाडीसोबत वरून लिंकिंगचा माल येतो, म्हणजे युरिया हवा तर हेही घ्या म्हणून कंपनी माथी मारते तो, तेव्हा तुम्ही काय करता? ती बाटली कुणाच्या तरी गळ्यात घालावीच लागते ना?


द्राक्षमांडव

विचारलंत ते बरं केलंत.

४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, एवढीच तिची किंमत. तिच्यासोबत दुसरं काही घ्यायची सक्ती शेतकऱ्यावर करता येत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. मी सक्ती करत नाही. वरून आलेला माल वेगळ्या कपाटात ठेवते. त्यातलं जे खरंच उपयोगी आहे, उदाहरणार्थ झिंक किंवा बोरॉन, ते माती किंवा देठ परीक्षणाचा अहवाल बघून, ज्याला लागतं त्याला देते. उरलेलं मुदत संपेपर्यंत पडून राहतं. त्याचा तोटा मी माझ्या नफ्यातून भरते, आणि तो दर वर्षी होतो. हा तोटा छोट्या दुकानाला जड जातो, हे मी नाकारत नाही. म्हणून यंदा आमच्या भागातल्या काही दुकानदारांशी बोलून कंपनीला सगळ्यांच्या सहीचं पत्र द्यायचं ठरवतेय, की लिंकिंगचा माल उतरवून घेणार नाही. एकट्याने म्हटलं तर पुढची गाडी येत नाही. सात-आठ जण एकदम म्हणाले तर त्यांना विचार करावा लागेल.

दुकानात पाटी आधीच लावली आहे: ‘युरियासोबत काहीही घेणे बंधनकारक नाही. पक्के बिल मागून घ्या.’


सेल्स_ऑफिसर_सिन्नर

पत्राचा मसुदा झाला की मला पाठवा. आमच्या कंपनीत ते कुणाच्या टेबलावर गेलं पाहिजे ते मी सांगतो.


लाल_कांदा

आमच्याकडचे दोन दुकानदार सही करतील. उद्या लिलाव उरकला की त्यांना विचारून इथे कळवतो.